ख्रिस्तराजासमोर गिरकी

वसईजवळच्या आमच्या गावात परमप्रसादाची मिरवणूक निघाली की आम्हा लहान मुलींना पांढरे झगे घालून, हातात पाकळ्यांची परडी देऊन सगळ्यांत पुढे चालवायचे. चालवायचे म्हणजे उलटं चालवायचे. आमच्या समोरून फादर सोनेरी किरणांचं पात्र दोन्ही हातांत उंच धरून येत. त्या पात्राच्या मधोमध काचेआड पांढरा, पातळ, गोल परमप्रसाद असे, म्हणजे आमच्या लेखी साक्षात ख्रिस्त, आणि त्याला पाठ दाखवायची नाही हा नियम. राजासमोरून जाताना कुणी पाठ फिरवतं का? घंटा वाजली की पाकळ्या उधळायच्या, वाकायचं आणि पुन्हा उलटी पावलं टाकायची. एका वर्षी मी अशीच भक्तिभावाने उलटी चालत चालत रस्त्याकडेच्या बावखलात, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तळ्यात, जाऊन बसले. परडीसकट. लोकांनी मला बाहेर काढलं, झग्यातून पाणी गळत होतं, आणि आई विचारते काय, तर "पाठ नाही ना दाखवलीस? मग ठीक आहे."

हा नियम असा हाडीमाशी खिळलेला घेऊन मी लग्न करून भोपाळला आले. नवरा सरकारी कारखान्यात टेक्निशियन. कारखान्याची टाउनशिप म्हणजे सगळीकडे एकाच रंगाचे, एकाच मापाचे क्वार्टर. पहिल्या काही महिन्यांत मी दोनदा तरी दुसऱ्याच्या घराचं दार हक्काने ढकललं असेल. भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा कारखान्याकडे, भोंगा वाजला की लोंढा परत. प्रत्येक ओळीत सगळा हिंदुस्थान राहायचा. डावीकडे केरळ, उजवीकडे बिहार, मागच्या अंगणात तामिळनाडूच्या मिरच्या वाळत घातलेल्या. मराठी माणसंही पुष्कळ होती, पुण्या-सांगलीची, इंदूर-ग्वाल्हेरची. पण मराठी आणि कॅथलिक असं जोडून विचाराल तर एक नगरचं कुटुंब आणि आम्ही. मग नगरच्यांची बदली झाली आणि उरलो आम्हीच.

चर्च मोठं, हवेशीर, खिडक्यांतून निंब डोकावणारं. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, हिंदीत. आणि इथेच माझं घोडं अडलं. मला हिंदी येत होती, चांगली फर्डी येत होती, पण ती भाजीवाल्याशी भांडायची हिंदी. त्या भाषेत देवाशी बोलायला लागलं की आपण घासाघीस करतोय असंच वाटायचं. 'हे प्रभु, दया कर' म्हणताना माझा सूर आपोआप 'जरा कमी कर ना भैया' असा लागायचा. गावच्या देवळात मी गायकवृंदात पुढे उभी राहणारी मुलगी होते. देऊळच म्हणतो आम्ही, वसईकडे चर्चला देऊळ म्हणतात. आणि इथे येऊन मी मुखस्तंभ झाले. गाणी सुरू झाली की मी ओठ मिटून उभी. नवरा कोपराने ढोसायचा. मी त्याला उलट ढोसायचे.

तरी एकाही रविवारी माझी मिस्सा बुडली नाही, याचं श्रेय इथल्या फादरना. फादर मूळचे केरळचे, काटकुळे, भुवया कायम वर चढलेल्या. शिस्त अशी की चप्पल फरशीवर घासली तरी प्रवचन थांबवून त्या पायाकडे बघायचे. पण वेदीवर उभे राहिले की त्या माणसाचे हात पाहत राहावेत. कुठेच घाई नाही. परमप्रसाद वर उचलायचे तेव्हा इतक्या सावकाश, की आपणच श्वास धरून बसायचो. धूपदाणी झुलवायचे तर साखळीचा आवाज एका लयीत, आणि धुराची रेघ खिडकीतल्या उन्हात शिरली की मागच्या बाकावरची रडकी पोरंही गप्प होऊन वर बघत राहायची. शेवटी बोटं धुवायची, प्याला पुसायचा, पांढरा रुमाल असा घडी करायचा की एक कण खाली पडू नये. वेदीवरची ती वस्त्रं ते स्वतः धुवायचे, स्वतः इस्त्री करायचे. मला त्यांची भाषा आपली वाटत नव्हती, पण त्यांचे हात मात्र थेट आमच्या गावचे होते.

नोव्हेंबरात ख्रिस्तराजाचा सण यायचा. भोपाळचा नोव्हेंबर म्हणजे काय सांगू, ऊन अंगावर शालीसारखं घ्यावं. त्या दिवशी सकाळी मिस्सा आणि दुपारी परमप्रसादाची मिरवणूक टाउनशिपमधून फिरून पाण्याच्या टाकीजवळच्या चौकापर्यंत जायची. वाटेत ठिकठिकाणी फुलांनी सजवलेली छोटी वेदी, तिथे पात्र ठेवायचं, आणि एकेका भाषेतलं गीत व्हायचं. मलयाळी झालं, तमिळ झालं, रांचीकडच्या लोकांचं झालं, हिंदी तर होतंच. मराठीचा थांबा नव्हता. कधीच नव्हता. लोक आपापल्या भाषेत गायला लागले की त्यांचे चेहरे बदलायचे. रोज मशीनवर राबणारा, सदा त्रासलेला तमिळ शेजारी गाता गाता एकदम कुणाचा तरी लाडका मुलगा दिसायला लागायचा. आणि मी त्या गर्दीत ओठ मिटून, हातात मेणबत्ती. मला हेवा वाटायचा हो, सरळ हेवा. माझी आई एक गीत म्हणायची, 'देवा, तू इतका लहान होऊन भाकरीत का बसलास' असं त्याला लाडाने विचारणारं. मला ते एकदा, फक्त एकदा, रस्त्यावर त्याच्यासमोर उभं राहून माझ्या भाषेत म्हणायचं होतं. तेवढं झालं असतं तर माझा मिटलेला गळा सुटला असता, अशी माझी खातरी होती.

मिरवणुकीच्या तयारीची सभा भरली तेव्हा मी हात वर केला. मलयाळी गायकवृंदाचे प्रमुख, मोठे सज्जन गृहस्थ, हसून म्हणाले, "मैडम, आप तो अकेली हैं. सोलो नहीं चलेगा, ग्रुप चाहिए." सगळे हसले. वाईट काही नव्हतं त्यात, पण माझा पारा चढायला तेवढं पुरतं.

"ग्रुप है," मी म्हणाले. "बहुत बड़ा ग्रुप है. हारमोनियम के साथ."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी गरोदर असल्याचं सभेत जाहीर केलंय.

फादरच्या भुवया आणखी वर गेल्या. "ठीक है. आख़िरी स्टॉप, टंकी वाला चौक. लेकिन सुनिए. ताली नहीं, नारा नहीं. गीत के बाद पूरा मौन. प्रभु के सामने एक भी गड़बड़ हुई तो मराठी का यह पहला और आख़िरी साल."

घरी येताना नवरा सायकल हातात धरून चालत होता. क्वार्टरचं कुलूप उघडता उघडता म्हणाला, "मोठा ग्रुप म्हणजे तू आणि मी का? मला तर छताचा दांडा धरायचाय." मिरवणुकीत फादरच्या डोक्यावर चार दांड्यांवर ताणलेलं पांढरं रेशमी छत धरतात, त्यातला एक दांडा दर वर्षी त्याच्याकडे असायचा. म्हणजे उरले मी.

आता मराठी गाणाऱ्या बायका टाउनशिपमध्ये कुठे मिळतील, हा काही यक्षप्रश्न नव्हता. आमच्या मागच्याच ओळीत दर गुरुवारी दुपारी महिला भजनी मंडळ बसायचं. त्यांच्या पुढारी पेटीवाल्या काकू, मूळच्या सांगलीच्या, आवाज खणखणीत आणि गुडघे कामातून गेलेले. गणपतीत त्यांच्याकडे आरतीला मी दर वर्षी जायचे, मोदकांवर माझा जाहीर डोळा असायचा. मी जाऊन सगळं सांगून टाकलं, जाहीर केलेल्या मोठ्या ग्रुपसकट.

काकूंनी पेटीचा भाता बंद केला. "म्हणजे तू आम्हाला न विचारता आमची सुपारी घेऊन आलीस?"

"हो काकू."

"चाल कशी आहे?"

मी म्हणून दाखवलं. पहिल्याच ओळीला माझा आवाज फाटला, इतका गंज चढला होता. पण काकूंची बोटं पेटीवर आपोआप फिरायला लागली, आणि इंदूरच्या वहिनी, ज्या प्रत्येक गोष्टीत आधी घाबरून मग सगळ्यांत पुढे असायच्या, म्हणाल्या, "अगं पण हे तर बिलकुल आपल्यासारखंच आहे! देवाला असं डायरेक्ट विचारायचं, तू छोटा का झालास म्हणून. बाळकृष्णाला नाही का आपण म्हणत? पण आम्ही येऊन गडबड तर नाही ना होणार, भाई? माझ्या सासूबाईंना विचारावं लागेल." सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "देवाचंच आहे ना? मग पदर नीट घेऊन म्हण." झालं. ठराव मंजूर.

तालमी सुरू झाल्या. दुपारी जेवणं आटोपली की काकूंकडे सतरंजी. मी मधे, भोवती मंडळ, नंतर कुणाकडून तरी पोहे आणि जिलबी. इतकी मजा मला भोपाळला आल्यापासून कधी आली नव्हती. भाकरीतल्या देवाचं गाणं ऐकायला मागच्या ओळीतल्या बिहारी बायका कुंपणावर येऊन उभ्या राहायच्या. काकूंनी एकच सुधारणा सुचवली. "सगळं एका चालीत गेलं तर संपलं हे कळायचं कसं? शेवटचं कडवं चढवू या, द्रुत घेऊ." आमच्या गावी ते कडवं शेवटपर्यंत संथच म्हणतात, पण चढवल्यावर ते असं काही उजळलं की मी हो म्हणून बसले.

एका रविवारी मी सगळ्यांना मिस्सेला घेऊन गेले, वातावरण कळावं म्हणून. काठपदराच्या साड्या, अंबाड्यात गजरे, चपला बाहेर काढून सगळं मंडळ मागच्या दोन बाकांवर. फादरनी प्रवेशाच्या वेळी ते गजरे पाहिले आणि त्यांची चाल क्षणभर अडखळली. मला वाटलं या कंटाळतील. पण फादर बोटं धुवायला लागले तशी काकूंनी माझा दंड धरला. "अगं, तुमचे हे फादर सोवळ्यातच आहेत की! पाहिलंस, वस्त्राला कसं धरलंय? आमच्या माहेरचे गुरुजी अस्सेच." परमप्रसाद वर गेला, घंटा वाजली, आणि मंडळातल्या सगळ्या बायकांचे हात न सांगता जोडले गेले. बाहेर आल्यावर वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इतकी शांती! आमच्याकडे आरतीला कुणाचं तरी पोर घंटा सोडतच नाही." मला अभिमानाने हसू फुटत होतं. आपल्या घरी पाहुण्यांनी भांडी लखलखीत आहेत म्हणावं, तसं झालं मला.

मग मी नियम घोटून घेतले. फादरची अट मी विसरले नव्हते. टाळ्या नाहीत. झांजा नाहीत. शेवटी जयजयकार नाही, कुणाचाच नाही. अक्षता उडवायच्या नाहीत, निरांजन आणायचं नाही. एकीने प्रसादाचा शिरा करायचा बेत केला होता, तो मी हाणून पाडला. गुडघे टेकायचे, पण काकूंना माफी, त्यांनी नुसतं वाकायचं. गीत संपलं की चिडीचूप. "समजलं," सगळ्या म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा पुन्हा समजलं म्हटलं. जे जे सुचलं ते ते मी सांगितलं. जे सुचलं नाही ते कसं सांगणार?

सणाची दुपार आली. रस्ता झाडून पाणी मारलेला, न्यू मार्केटमधून झेंडू आणि शेवंतीची पोती आलेली, कुंपणांवर पताका. पुढे पांढऱ्या झग्यातल्या मुली उलट्या चालत, मग उदबत्तीच्या झाडांसारखे धूर सोडणारे धूपदाणीवाले, मग छत आणि छताखाली फादर. खांद्यावरून घेतलेल्या सोनेरी शालीच्या पदराने पात्र धरलेलं, कारण उघड्या हाताने नाही धरायचं. मागे हजारभर माणसं. थांबे झाले, गीतं झाली, एकाहून एक सुंदर. आणि मिरवणूक टाकीच्या चौकात आली. तिथे वेदीशेजारी आमचं मंडळ उभं, मी बरोबर मधोमध. फादरनी पात्र वेदीवर ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. भुवया वर.

काकूंनी स्टुलावरच्या पेटीवर सूर दिला. मी तोंड उघडलं, आणि काय सांगू, आवाज आला! माझा, जुना, पुढे उभी राहणारीचा आवाज. मंडळ मागून असं उचलून धरत होतं की मला वाटलं माझे पाय रस्त्याला लागत नाहीयेत. भाकरीत का बसलास, इतका लहान का झालास, मी विचारत होते आणि तो काचेआडून ऐकत होता, आणि उन्हात पात्राची किरणं झळझळत होती. मी रडत होते की हसत होते मला माहीत नाही. दोन्ही असेल.

शेवटचं कडवं आलं. काकूंनी लय चढवली. त्याच वेळी वेदीजवळच्या सेवेकरी मुलाने घंटा वाजवायला घेतली, धूप दाटून आला, सगळ्यांचे हात जोडलेले, लय द्रुत, शेवट जवळ.

आता मला सांगा, ज्या बाईने जन्मभर आरतीच्या शेवटी, नेमकी अशीच लय चढल्यावर, हात जोडून स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातलीय, तिचे पाय थांबतील का?

साड्यांची सळसळ झाली. मंडळ फिरलं. सगळंच्या सगळं, पेटी सोडून काकूही. उजवीकडून वहिनींचा पदर माझ्या दंडाला घासून गेला, डावीकडून कुणाचा तरी गजरा नाकाशी आला, आणि मी, बावखलात पडूनही पाठ न दाखवलेली मी, दर वर्षी त्या आरतीला उभी राहिलेली मी, जोडल्या हातांनी गर्रकन फिरले. टाकी गेली, निंब गेले, क्वार्टरांची ओळ गेली, कारखान्याची चिमणी गेली, नवऱ्याचा उघडा जबडा आणि तिरका झालेला छताचा दांडा गेला, आणि पुन्हा समोर किरणांचं पात्र आलं. डोकं हलकं, पोटात गुदगुल्या. आणि मंडळ तिथेच थांबलं नाही. फिरल्यावर काय करायचं असतं? गुडघे टेकून डोकं जमिनीला लावायचं असतं. सगळ्या खाली गेल्या. काकूसुद्धा, माफी मिळालेल्या गुडघ्यांसकट.

मग चिडीचूप. तेवढं मात्र सांगितल्याप्रमाणे झालं.

मी रस्त्यावर कपाळ टेकून होते आणि आता भानावर येत होते. पाठ दाखवली. देवाला, राजाला, भर चौकात, रांगेने. पहिलं आणि आख़िरी साल. तेवढ्यात मागून एक विचित्र आवाज आला, धान्याची पोती उतरवतात तसा. धप, धप, लांबवर धप. मागच्या लोकांना काय झालं ते दिसलं नव्हतं. पुढे सगळे खाली गेले एवढंच दिसलं, आणि तेही गेले. दर वर्षी फादर माइकवरून ओरडून थकायचे, तरी रस्त्यावर गुडघे टेकायला कुणी तयार नसायचं. अधिकारी लोक पॅंटची इस्त्री सांभाळून नुसते कमरेत वाकायचे. आज तो सगळा रस्ता, अगदी वळणापर्यंत, गुडघ्यांवर होता.

फादरनी पात्र उचललं. पात्राने द्यायचा आशीर्वाद खरं तर परत चर्चमध्ये गेल्यावर, एकदाच, समोर द्यायचा असतो. पण ते उभे राहिले, आमच्याकडे तोंड करून आशीर्वाद दिला, मग टाकीकडे वळले, मग कारखान्याकडे, मग मागच्या गर्दीकडे, आणि हळूहळू पूर्ण फिरून पुन्हा आमच्यासमोर आले.

"बघा," वहिनी जमिनीलगतच कुजबुजल्या, "ते पण फिरले. बरोबरच होतं आपलं."

संध्याकाळी नवऱ्याने चहाला हातही लावला नाही. "काय केलंत तुम्ही हे? माझ्या हातून दांडा सुटणार होता. आणि तू! तू कशाला फिरलीस?" चर्चमधून निरोप आलाच होता, उद्या दुपारी फादरनी बोलावलंय.

जाण्याआधी मी काकूंकडे गेले. त्या गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, आपण असं का फिरतो?" त्यांनी माझ्याकडे, हिला एवढंही ठाऊक नाही, असं पाहिलं. "देवाभोवती फिरायला जागा नसली की माणूस स्वतःभोवती फिरतो. तो आतही असतोच ना गं. का, रागावले का तुमचे गुरुजी?"

फादर चर्चमागच्या खोलीत टेबलावर ते छोटे पांढरे रुमाल इस्त्री करत होते. मला बस म्हणाले नाहीत.

"आपकी लेडीज़ ने प्रभु को पीठ दिखाई."

"जी फादर."

"आपने भी."

"जी फादर."

"हमारी बच्चियाँ उलटी क्यों चलती हैं, मालूम है न?"

"मालूम है फादर. मैं उलटी चलते-चलते तालाब में गिरी थी."

इस्त्री थांबली. "तालाब में?"

"छोटा था फादर. टोकरी के साथ गिरी. पीठ नहीं दिखाई."

त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली. ओठांच्या कडा हलल्यासारख्या वाटल्या, पण भुवया जागच्या जागीच. "तो फिर कल क्यों घूमीं?"

मला खरं तर माफी मागायची होती. घरून पाठ करून आले होते. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "फादर, उन लोगों में ऐसा है कि भगवान के चारों ओर घूमने की जगह न हो, तो अपने चारों ओर घूमते हैं. क्योंकि वो अंदर भी है. और फादर, कल सुबह मिस्सा में मुझे परमप्रसाद किसने दिया? आपने ही दिया. मैंने खाया. तो दोपहर को वो कहाँ था? वेदी पर भी था और मेरे अंदर भी था. फिर मैंने पीठ किसको दिखाई? वो तो मेरे साथ ही घूमा."

बोलून झालं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी देवाबद्दल बोलले होते, मनापासून बोलले होते, आणि हिंदीत बोलले होते. कुठेही घासाघीस झाली नव्हती.

फादर रुमालाची घडी घालत राहिले. एक घडी, मग दुसरी, कडेला कड जुळवत. मग खाली बघतच म्हणाले, "मालूम है मैं क्यों घूमा? मुझे देखना था, पीछे कौन-कौन हँस रहा है." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "कोई नहीं हँस रहा था. बारह साल से इस रोड पर मैं बोल-बोल के थक गया, घुटने टेको, घुटने टेको. कल मैंने बोला भी नहीं." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, की मला तसं वाटलं. मग त्यांनी तो रुमाल कपाटात ठेवला आणि पुन्हा नेहमीचे फादर झाले. "अगले साल भी मराठी. टंकी वाला चौक. लेकिन धीरे घूमना. आपका हस्बैंड छत गिरा देगा."

मी बाहेर आले. ऊन तसंच पडलं होतं, अंगणात कालच्या पाकळ्या अजून झाडायच्या राहिल्या होत्या. निंबाखालून जाताना माझ्या कानांवर कुणीतरी गुणगुणतंय असं आलं, आणि ऐकलं तर ती मीच. गीत हिंदी होतं. गेल्या रविवारचं, ज्याला मी ओठ मिटून उभी होते ते. शब्द सगळे पाठ होते, इतके दिवस ऐकून ऐकून कधी पाठ झाले कुणास ठाऊक. मी आणखी थोड्या मोठ्याने म्हटलं. अंगणात कुणी नव्हतं. मी चर्चच्या दाराकडे तोंड केलं, हात जोडले आणि एक गिरकी घेतली, चांगली जोरात, पाकळ्या उडाल्या.

मागच्या खिडकीतून आवाज आला, "धीरे!"